आडव्या गाडीचा हिशेब

ड्रिफ्टिंगमध्ये चालक मागच्या चाकांची पकड मुद्दाम सोडवतो. गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो, पुढची चाके वळणाच्या उलट दिशेला धरली जातात आणि ॲक्सिलरेटरच्या कमी-जास्त दाबावर गाडी तशीच तिरकी वाहत राहते. शर्यतीत घड्याळ निकाल लावते. ड्रिफ्टच्या स्पर्धेत पंच पाहतात ते गाडीने धरलेली रेघ, तिचा कोन, वेग आणि सफाई. निकाल वेळेवर ठरत नसल्याने जुनी, स्वस्त आणि कमी ताकदीची गाडीही या खेळात लाज राखू शकते. अट एवढीच की तिच्यावरचा पैसा योग्य क्रमाने खर्च झाला पाहिजे. नेमका तोच क्रम बहुतेकांचा चुकतो. पहिला खर्च सायलेन्सरवर, दुसरा अलॉय व्हीलवर, आणि गाडी तिसऱ्या वळणाला उकळून उभी.

जपानमधली सुरुवातही गरिबीतलीच. १९७०च्या दशकात रेसर कुनिमित्सू ताकाहाशी ट्रॅकवर गाडी सरकवत वळणे घ्यायचे. केइची त्सुचिया यांनी ती रीत डोंगरी रस्त्यांवर उचलली आणि १९८०च्या दशकात लोकप्रिय केली. त्यांच्या नावाशी जोडली गेलेली टोयोटाची एई८६ ही १६०० सीसीची, टनाच्या आत वजनाची, साधी गाडी होती. डी१ ग्रां प्री आणि अमेरिकेतली फॉर्म्युला ड्रिफ्ट या मोठ्या स्पर्धा आल्या त्या २००० नंतर. महागडी इंजिने आणि धुराचे ढग तिथून पुढचे.

शिर्डीत काय मिळते

शिर्डी हे गाड्यांचे गाव आहे. मनमाड आणि कोपरगावची स्टेशने, २००९ पासूनचे साईनगर शिर्डी स्टेशन, काकडीचा विमानतळ, शनिशिंगणापूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर या फेऱ्यांवर इथली वाहने रात्रंदिवस असतात. त्यांच्यासाठी नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला राहाता, बाभळेश्वर, कोपरगावपर्यंत गॅरेज, टायरची दुकाने, पाटेवाले, रेडिएटरवाले, लेथवाले अशी साखळीच उभी आहे. जुन्या गाडीवर कमी पैशांत काम करून घेणाऱ्याला अशी जागा सोयीची. या रस्त्याच्या खड्ड्यांनी इथल्या मिस्त्रींना सस्पेन्शन जितके शिकवले तितके कुठल्या आयटीआयने शिकवले नसेल.

ड्रिफ्टला मागच्या चाकांवर चालणारी गाडी लागते, आणि शिर्डीत अशा गाड्या मुबलक आहेत: सुमो, क्वालिस, तवेरा, इनोव्हा, ट्रॅक्स, बोलेरो. वीस वर्षे भाविक वाहून दमलेली अशी गाडी स्वस्तातही मिळते. पण ती घेऊ नये. या सगळ्या उंच आहेत. गाडी घसरेल की उलटेल हे तिच्या दोन चाकांमधल्या अंतराच्या निम्मे आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या प्रमाणावर ठरते. उंच गाडी डांबरावर आडवी झाली की टायर सुटण्याआधी एका बाजूची चाके उचलली जातात. मारुती ओम्नी मागच्या चाकांवर चालते, हलकीही आहे. पण अरुंद आणि उभट असल्याने तिचेही तेच होते. मारुती ८००, अल्टो, स्विफ्ट पुढच्या चाकांवर चालतात. हँडब्रेक ओढून त्या क्षणभर फिरवता येतात, ॲक्सिलरेटरवर आडव्या ठेवता येत नाहीत.

उरतात त्या जुन्या सेदान. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी १०८९ सीसीची आणि जेमतेम चाळीस अश्वशक्तीची. तिची बहीण ११८ एनई फियाट १२४ च्या सांगाड्यावरची, निस्सानचे ११७१ सीसीचे इंजिन असलेली, साधारण पन्नास अश्वशक्तीची. हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसात इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन आले तेव्हा ती या तिघींत सर्वांत दणकट झाली. मात्र मुंबईच्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली आणि तेव्हापासून चांगल्या पद्मिनीकडे लोक संग्राह्य वस्तू म्हणून पाहतात. जिचा पत्रा शाबूत आहे अशी गाडी आडवी घालून खराब करणे हा पैशाचा आणि गाडीचा दोन्हींचा अपमान आहे. या खेळाला घ्यायची ती रंग उडालेली, पण चासी सरळ असलेली.

दुसरा पर्याय उतरत्या किमतीतल्या आलिशान गाड्यांचा. मर्सिडीजने १९९५ मध्ये पुण्यात जुळवायला घेतलेली डब्ल्यू१२४, किंवा चेन्नईत २००७ पासून जुळलेली बीएमडब्ल्यूची ३ सिरीज. चासी उत्तम, ताकद भरपूर, आणि विकत घेताना किंमत मोहात पाडणारी. खरी किंमत पहिला सुटा भाग घेताना कळते. शिवाय डब्ल्यू१२४ चा पार्किंग ब्रेक पायाने दाबायचा आहे. ड्रिफ्टसाठी हाताचा ब्रेक तिथे नव्याने बसवावा लागतो. ज्या गाडीचा बॉल जॉइंट दुपारी कोपरगावला मिळत नाही ती बजेटमधली गाडी नव्हे, मग ती कितीला का मिळेना.

सुधारणेआधी दुरुस्ती

पहिला खर्च दिसत नाही, म्हणून तो टाळला जातो. गाडी जॅकवर घेऊन पुढचे चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवले की बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि बेअरिंग यांचा खुळखुळा हातालाच कळतो. रबरी बुश चिरलेले असतील तर व्हील अलाइनमेंटचे आकडे कागदावरच राहतात, कारण भार येताच चाक आपली दिशा बदलते. इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे फाउंडेशन रबर दबलेले असेल तर क्लच झटक्यात सोडल्यावर सगळा डोलारा हलतो आणि गिअर चुकतो. या साऱ्या वस्तू स्वस्त आहेत. त्या बदलल्यावर वीस वर्षांच्या गाडीत पडणारा फरक कुठल्याही ‘परफॉर्मन्स किट’पेक्षा मोठा असतो.

पेट्रोलच्या नळ्या याच यादीत येतात. देशभर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि ते इथेनॉल बनवणाऱ्यांत प्रवरा, संजीवनीसारखे याच पट्ट्यातले साखर कारखाने आहेत. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांची रबरे त्यासाठी बनलेली नव्हती. ती फुगतात, मग चिरतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोलचा थेंब पडण्याआधी नळ्या, पंपाचा पडदा आणि गॅस्केट नव्या दर्जाची घालावीत. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होते, म्हणून कार्बोरेटरचा जेटही तपासून घ्यावा.

मागचे टायर जळण्यासाठीच

ड्रिफ्टच्या गाडीत चार टायर एकाच कामाचे नसतात. पुढचे दोन गाडीला दिशा देतात. तिथे परवडतील तेवढे चांगले आणि नवे टायर हवेत. मागचे दोन घासले जाणार हे ठरलेलेच आहे. कमी ताकदीच्या गाडीला तर मागे रुंद आणि चिकट टायर घातले की तोटाच होतो. इंजिनाला ते सुटतच नाहीत. कंपनीच्या मूळ मापाचे, कडक रबराचे टायर आणि हवा थोडी जास्त, एवढ्याने पन्नास अश्वशक्तीची गाडीही सरकायला तयार होते.

टॅक्सीच्या गावात वापरलेले टायर जोडीने मिळतात. घेताना कडेवरचा चार आकडी शिक्का वाचावा: ‘२३२१’ असेल तर टायर २०२१च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. कडेला बोटाने वाकवून पाहिल्यावर बारीक भेगा उघडत असतील, किंवा कुठे फुगवटा असेल, तर तो फुकट मिळाला तरी ठेवून यावा. आणि रिट्रेड तर नकोच. जागच्या जागी वेगाने फिरणाऱ्या चाकावर वरून चिकटवलेला रबराचा पट्टा सुटला की तो मडगार्ड आणि ब्रेकची नळी दोन्ही घेऊन जातो. समृद्धी महामार्गावर टायर फुटण्याच्या घटनांनी या भागातल्या चालकांना उष्णता आणि टायर यांचे नाते पुरेसे शिकवले आहे. ड्रिफ्टमध्ये तीच उष्णता मिनिटभरात तयार होते. कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल लागते. मैदानावर घासलेली जोडी घरी परतताना चालत नाही, म्हणून स्टेपनीसारखी वेगळी जोडी सोबत ठेवावीच लागते.

डिफरन्शियल: खरा पैसा इथे

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. साध्या, खुल्या डिफचा दोष असा की दोन्ही बाजूंना तो सारखाच जोर देतो, आणि तो जोर ज्या चाकाची पकड कमी त्याच्याइतकाच राहतो. गाडी वळणात कलली की आतले चाक हलके होते, ते एकटेच फिरून धूर काढते आणि गाडी सरळ होऊन बसते. नवशिक्याला वाटते इंजिन कमी पडले. इंजिनाचा त्यात दोष नसतो.

हे राहाता-श्रीरामपूरच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. उसाच्या ओल्या रानात ट्रॅक्टरचे एक चाक जागीच फिरू लागले की तो टाचेने डिफ लॉकचे पेडल दाबतो, दोन्ही चाके एक होतात, ट्रॅक्टर निघतो. आणि वळण घेण्याआधी पाय काढतो. ड्रिफ्टच्या गाडीला हवे आहे ते लॉक, फक्त कायमचे.

स्वस्तातला उपाय वेल्डिंगचा. मागची हाऊसिंग उघडताना आधी नव्वद नंबरचे ऑइल काढतात. ते काळे आणि चांदीच्या भुकटीसारखे चमकत असेल तर क्राऊन-पिनियनचे दात झिजले आहेत, आणि मग वेल्डिंगचा विचार तिथेच थांबवायचा. दात ठीक असतील तर हाफ शाफ्ट ओढून डिफचा पिंजरा बाहेर काढतात. आत चार लहान गिअर एकमेकांत अडकलेले दिसतात. रॉकेल किंवा डिझेलने धुऊन, पूर्ण कोरडे करून, ते एकमेकांना आणि पिंजऱ्याला जोडतात. इथे घाई केली की काम बिघडते: तेलकट धातूवरचा टाका दिसायला भरीव असतो, पण आत पोकळ राहतो. कडक केलेले गिअर झटक्यात तापवून झटक्यात थंड केले तर टाक्याच्या कडेलाच तडकतात. म्हणून आधी शेक, मग थोडे थोडे वेल्डिंग, मग हवेत सावकाश थंड. जवळची बेअरिंगे काढून ठेवायची. शेवटी एकेक कण पुसून काढायचा, कारण सुटलेला वेल्डिंगचा मणी क्राऊनच्या दातांत गेला की सगळे भंगार.

वेल्ड केलेला डिफ आडव्या गाडीला उत्तम आणि रस्त्याला वाईट. पार्किंगमध्ये गाडी वळवताना आतला टायर फरफटतो, कर्रकर्र आवाज येतो, सगळा ताण हाफ शाफ्टवर पडतो. शाफ्ट बेअरिंगच्या बाहेरच्या बाजूला तुटला तर चाकच निघून जाते. प्लेट असलेला लिमिटेड स्लिप डिफ हा योग्य उपाय, पण पद्मिनी किंवा ११८ एनईसाठी तो तयार मिळण्याची आशा धरू नये. काही नव्या एसयूव्हींत येणारा आपोआप लॉक होणारा डिफ काढून लावण्याची कल्पनाही डोक्यातून काढावी: तो चिखलातून निघण्यासाठी बनला आहे, ठरावीक वेगाच्या वर लॉक होतच नाही.

पाटे, शॉकअप आणि स्टिअरिंग

पद्मिनीच्या मागे पाटे आहेत. क्लच झटक्याने सोडला की ॲक्सल स्वतःभोवती पिळवटते, पाटा इंग्रजी एससारखा वाकतो आणि चाक टणाटणा उडते. या उड्या शाफ्ट आणि क्रॉस यांचे आयुष्य खातात. ॲक्सलपासून चासीपर्यंत एकेक दांडा बसवला की पिळवटणे थांबते. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरला असे दांडे सकाळी सांगून संध्याकाळी मिळतात. दोन्ही टोकांना रबरी बुश हवेत आणि चासीवरची जागा पत्र्याची नसून बीमची हवी, एवढे पाहावे. मागे एक पाटा वाढवणे हा टॅक्सीवाल्यांचा नेहमीचा उद्योग इथेही थोडा उपयोगी पडतो, कारण मागची बाजू कडक झाली की मागची पकड लवकर सुटते. फक्त गाडी उंच होऊ देऊ नये. स्प्रिंग गॅसने कापून गाडी बसवणे तर अजिबात नको. कापलेली स्प्रिंग आपल्या जागेतून उडी मारते. नवे शॉकअप चारही बाजूंना, मूळ कंपनीच्या दर्जाचे, ही या भागातली सर्वांत शहाणी खरेदी.

स्टिअरिंगकडून ड्रिफ्टला जास्त कोन हवा असतो, नाहीतर गाडी एका मर्यादेपुढे गेली की गरकन फिरते. फुकटातला उपाय लॉक-स्टॉपचा आहे: स्टॉप थोडे घासून चाक आणखी वळू द्यायचे. त्याआधी पूर्ण वळलेले चाक ब्रेकच्या नळीला किंवा शॉकअपला घासते का ते जॅकवर पाहायचे. स्टिअरिंगचा नकल कापून, आखूड करून, पुन्हा वेल्ड करण्याची पद्धत परदेशी कारखान्यांत तपासणीसह चालते. गावच्या वेल्डरकडून ती करू नये. स्टिअरिंग तुटण्याची शक्यता पैसे वाचवण्याच्या यादीत बसत नाही. अलाइनमेंटच्या दुकानातला संगणक मूळ कंपनीचेच आकडे दाखवतो. पुढच्या चाकांना वरून आत थोडा कल, टो किंचित बाहेर आणि मागे शून्य, असे आकडे स्वतः लिहून न्यावे लागतात.

तापणारे इंजिन

सरळ धावणाऱ्या गाडीच्या रेडिएटरवर वारा समोरून आदळतो. आडव्या गाडीवर तो कडेने येतो, इंजिन मात्र वरच्या फेऱ्यांत ओरडत असते. मे महिन्यात शिर्डीचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा जुना रेडिएटर दुसऱ्या फेरीतच हात टेकतो. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतल्याने आतल्या नळ्यांत क्षार बसलेले असतात. म्हणून आधी रेडिएटर उघडून रॉडिंग करून घ्यायचा, मग नवे होज, नवा थर्मोस्टॅट, कूलंट शुद्ध पाण्यातच, आणि पंख्याभोवतीचे नरसाळ्यासारखे झाकण जागेवर. हे झाकण तुटले म्हणून फेकून दिले, अशाच गाड्या जास्त दिसतात, आणि तेच नसले तर पंखा बोनेटखालची गरम हवा फिरवत बसतो. भंगारातला इलेक्ट्रिक पंखा रिलेसह बसवणे ही पुढची पायरी.

लांब ड्रिफ्टमध्ये इंजिन ऑइल चेंबरच्या एका बाजूला सरकते, पंपाची नळी हवा ओढते आणि बेअरिंग कोरडी पडते. चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या वेल्ड करून घेतल्या की ऑइल जागेवर राहते. ऑइलचा दिवा वळणात लुकलुकला तर त्याच क्षणी पाय काढायचा.

ब्रेक, सीट आणि शेवटी इंजिन

हँडब्रेकची केबल आणि मागचे लायनर नवे घातले की बहुतेक जुन्या गाड्यांचे मागचे चाक लॉक होते. हायड्रॉलिक हँडब्रेक चैनीत मोडतो. ब्रेक ऑइल मात्र डॉट-४ आणि ताजे हवे. चालकाला जागेवर धरून ठेवणारी बकेट सीट, चांगला पट्टा आणि हेल्मेट यांत काटकसर करू नये. साध्या सीटवर चालक स्टिअरिंगला लटकून बसतो आणि मग स्टिअरिंग फिरवायला हात उरत नाही. मागची सीट, गालिचे, जुनी म्युझिक सिस्टिम काढली की गाडी फुकटात हलकी होते.

इंजिनावरचा खर्च सर्वांत शेवटी. नवी क्लचप्लेट, नीट ट्युनिंग, बरोबर टायमिंग इतके पुरे. ताकद कमी पडते आहे असे वाटले तर जमीन बदलावी: पाणी मारलेल्या सिमेंटवर किंवा मुरमाच्या मैदानावर पन्नास अश्वशक्तीची गाडी जे करते ते कोरड्या डांबरावर करायला तिला दुप्पट इंजिन लागेल. नाशिकच्या रॅलीत वर्षानुवर्षे धावलेल्या मारुती जिप्सीचे इंजिन कुठे मोठे होते? मुरमावर एअर फिल्टर मात्र दर वेळी झाडावा. काळ्या मातीवर पावसाळ्यात जाऊ नये, चाकाला चिकटून ती मडगार्डच भरून टाकते.

जागा आणि कायदा

शिर्डीतल्या कुठल्याही सार्वजनिक रस्त्यावर हा खेळ बसत नाही. गुरुवारची गर्दी, रामनवमीला मुंबईहून सिन्नरमार्गे पायी येणाऱ्या पालख्या, रात्री दोनलाही रस्ता ओलांडणारी माणसे. समृद्धीचे इंटरचेंज रिकामे दिसतात म्हणून तिथे जाणाऱ्यांना मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्यासाठी आणि कलम १८९ विनापरवाना शर्यतीसाठी लागू होते. दुसऱ्यात पहिल्या गुन्ह्यालाच तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते कडकपणे वाचले आहे. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी नव्याने करायची तर तपासणी, शुल्क आणि हरित कर आलाच. वीस वर्षांपुढच्या मोटारीचे शुल्क २०२५ पासून दहा हजार रुपये आहे. नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात.

म्हणून गाडी एकतर रस्त्याची ठेवावी, किंवा पूर्णपणे मैदानाची. मैदान म्हणजे मालकाच्या लेखी परवानगीची बंदिस्त जागा, अथवा फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाची मान्यता असलेला कार्यक्रम. अहिल्यानगरला वाहननगरमध्ये व्हीआरडीई या वाहन संशोधन संस्थेचे चाचणी ट्रॅक आहेत, पण ते हौशी लोकांसाठी नाहीत. कायमस्वरूपी मोठे ट्रॅक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, कोइंबतूरला आणि ग्रेटर नोएडाला. वेल्ड केलेल्या डिफची गाडी चालवत तिथवर नेता येत नाही. ती टोइंगच्या गाडीवर चढवूनच न्यावी लागते, आणि ते भाडे टायरच्या आधी, अगदी पहिल्या दिवशी हिशेबात धरावे.